नववी सही

काशम्माच्या कारखान्यावरची खोली अभ्यासाला घ्यावी, यामागे शिवशरणाचा एक सिद्धांत होता. खाली सहा यंत्रमाग दिवसभर खडखडत. पण तो आवाज एकसारखा होता, आणि एकसारखा आवाज कान काही दिवसांनी ऐकेनासे होतात. शांत खोलीत कोणी खोकले तरी लक्ष उडते. इथे शेजारची भिंत कोसळली तरी उडणार नाही, असे त्याने बाकीच्या दोघांना पटवून दिले होते. दोघांना ते पटलेही. जोतीरामचे म्हणणे एवढेच होते की सिद्धांत सोळा आणे खरा असला तरी एकमेकांना प्रश्न विचारून संध्याकाळपर्यंत घसा बसतो.

शिवशरण त्या खोलीत राहतच होता. तो मंद्रूपचा, पदार्थविज्ञानाचा पदवीधर आणि सोलापुरातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतला डेमॉन्स्ट्रेटर. जोतीराम करकंबचा, एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवणारा, आणि शाळेबाहेरही बोलणे न थांबवणारा. धोंडिराम सोलापुरातलाच, रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीतला. रेल्वेच्या माल-कचेरीत कारकून. तो बोलताना शब्द मोजून वापरी आणि ऐकताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघे. हे दोघे कामावरून सुटल्यावर येत, आणि रविवारी सकाळी आठपासून.

तिघेही लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणार होते. त्यांतही फरक होता. जोतीराम वयाने लहान होता, धोंडिरामला नियमाप्रमाणे वयाची सवलत होती. पुढच्या जानेवारीत वयोमर्यादा ओलांडणार होता तो एकटा शिवशरण. आधी तो दोनदा बसला होता. पहिल्या वेळी लेखी परीक्षेत थोडक्यात राहिला, दुसऱ्या वेळी मुलाखतीत. १९७७ चे साल ही त्याची तिसरी आणि शेवटची संधी होती, आणि ही गोष्ट खोलीत कोणी बोलून दाखवत नसले तरी तिघांच्याही हिशेबात धरलेली होती.

अभ्यासाची पद्धत शिवशरणाने बसवली होती. विषय वाटून घ्यायचे, ज्याने त्याने आपल्या विषयाची टाचणे कार्बन घालून तीन प्रतींत लिहायची, आणि दर रविवारी एक पेपर घड्याळ लावून सोडवायचा. दोघांचे पेपर शिवशरण तपासी. त्याचा पेपर तपासायला कोणी नव्हते. तो तपासण्याइतके कोणाला येत नाही, असे तिघांनी न बोलता ठरवून टाकले होते. त्या मार्चमध्ये दिल्लीतले सरकार बदलले आणि जोतीरामने तोंडपाठ केलेली मंत्र्यांची अख्खी यादी एका दिवसात निकामी झाली. तो कपाळावर हात मारून म्हणाला, “लोकांनी मत देताना माझा काय विचारच केला न्हाय की.” शिवशरणाने त्याला बजावले, “गेल्या वर्षी खरं होतं म्हणून यंदा खरं धरायचं नाही. दर वेळी ताडून बघायचं.” जोतीरामने हे वाक्यही टाचणात लिहून घेतले.

जूनमध्ये अर्ज आले. शिवशरणाने मागच्या वर्षी भरलेल्या अर्जाची हातनक्कल जपून ठेवली होती. तिच्यावरून त्याने आधीच एक यादी केली होती. कुठे फोटो, कुठे साक्षांकित प्रत, कुठे जन्मतारीख अक्षरी, आणि सह्या कुठे: आठ ठिकाणी. तिन्ही अर्जांवर त्या आठ ठिकाणी त्याने पेन्सिलीने बारीक फुल्या मारल्या.

“फुली असेल तिथं सही,” तो मागांच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला. “फुली नसेल तिथं पेन टेकवायचं नाही. मागच्या खेपेला एकानं ‘फक्त कार्यालयासाठी’ लिहिलेल्या चौकटीत सही ठोकली होती.”

“तो एक मीच हुतो,” जोतीराम म्हणाला. “सगळ्या सोलापूरला सांग.”

सह्या झाल्या. शिवशरणाने दोघांचे अर्ज यादीशी ताडले आणि प्रत्येक कलमापुढे टिंब दिले. धोंडिराम त्याचे हात बघत बसला होता. मग म्हणाला, “तुझाही एकदा बघू का?”

“काय बघणार?”

“असंच.”

“असंच बघून काही दिसत नाही, धोंडिराम. काय बघायचं ते आधी ठरवून बघावं लागतं.”

धोंडिरामने मान हलवली आणि हात मागे घेतला.

इथपर्यंत सर्व सुरळीत होते. मग जोतीरामने आपले आणि धोंडिरामचे अर्जाचे पाकीट, अजून न चिकटवलेले, शर्टात घातले आणि पोस्टात जाण्याआधी ती सिद्धेश्वराच्या पायरीला लावून आणायची आहेत, असे जाहीर केले.

“आयोगात पाकीट फोडणारा कारकून अंगारा बघून गुण वाढवतो काय?” शिवशरणाने विचारले.

“वाढवत न्हाय. पण घालवत तरी न्हाय की.”

“मग उपयोग काय?”

“तुला उपयोगाबिगर काय करताच येत न्हाय का रे गुर्जी? चल की, तळ्यावर वारं लई छान सुटलंय.”

शिवशरण गेला नाही. त्याच्या गावातल्या प्रत्येक घरात सिद्धरामाचे, म्हणजे याच सिद्धेश्वराचे, नाव दिवसातून दहा वेळा घेतले जाई, त्याच्या स्वतःच्या नावातच शिव होता. पण देवळात न जाणे ही त्याने विचार करून ठरवलेली गोष्ट होती आणि अर्जासाठी ती मोडणे त्याला लाच दिल्यासारखे वाटले. धोंडिरामच्या घरचे देव तर छप्पन्न सालीच विहिरीत गेले होते. तरी तो जोतीरामबरोबर निघाला, कारण तिथून पुढे मोठ्या पोस्टात जायचे होते आणि एकट्याने काय चालायचे. शिवशरणाने आपला अर्ज नव्या पेठेतल्या पोस्टातून एकट्याने रजिस्टर केला आणि पावती खिशात नीट घडी घालून ठेवली.

सप्टेंबरच्या अखेरीस पोस्टमनने काशम्माजवळ तीन पाकिटे दिली; अर्जात तिघांनीही पत्ता या खोलीचाच दिला होता. दोन लांब होती, एक आखूड. आखूड पाकीट शिवशरणाचे होते. पत्र चार ओळींचे: अर्जाच्या शेवटच्या पानाच्या मागील बाजूस असलेल्या प्रतिज्ञापनावर उमेदवाराची सही नसल्याने अर्ज अपूर्ण ठरवून नाकारण्यात येत आहे.

शिवशरणाने ते पत्र दोनदा वाचले. वाचल्याबरोबर त्याला पहिली गोष्ट वाटली ती ही, की पत्र चुकले आहे. शेवटच्या पानामागे काही नसते. त्याच्याकडे एक जादा कोरा अर्ज होता. तो काढून त्याने शेवटचे पान उलटले. मागे सहा ओळींचे प्रतिज्ञापन होते आणि खाली सहीसाठी एक रेघ. यंदाच घातलेले. मागच्या वर्षीच्या नकलेत ते नव्हते, म्हणून यादीत नव्हते; यादीत नव्हते म्हणून फुली नव्हती; आणि फुली नव्हती म्हणून त्याने पान उलटलेच नव्हते. ही साखळी त्याने एकदा पुढून आणि एकदा मागून तपासली. तिच्यात एकही दुवा सैल नव्हता.

मग दुसरी शंका आली. फुल्या तर तिन्ही अर्जांवर सारख्याच होत्या. लांब पाकिटे त्या दोघांच्या नावची होती. त्याने ती उजेडासमोर धरली. आत प्रवेशपत्रे होती, पुणे केंद्राची, छापील क्रमांक आरपार दिसत होते. म्हणजे त्यांच्या सह्या झाल्या होत्या. कशा, ते त्याला कळेना. हा प्रश्न त्याने बाजूला ठेवला, कारण त्याचे उत्तर दोघांना विचारल्याशिवाय मिळणार नव्हते, आणि विचारायचे तर आधी सांगावे लागले असते.

त्याने आयोगाला तार केली, पाठोपाठ विनंतीअर्ज धाडला. नऊ दिवसांनी उत्तर आले, पहिल्या पत्राचा क्रमांक देऊन: निर्णयात बदल होणार नाही. शिवशरणाला त्याचा राग आला नाही. त्या खुर्चीत तो स्वतः असता तर त्यानेही हेच लिहिले असते, कदाचित एक ओळ कमी करून.

तोपर्यंत तो दोघांना सांगून चुकला होता की आपले केंद्र औरंगाबादला आले आहे.

“तिघांनी एका दिवशी अर्ज टाकले अन् तुलाच एकट्याला औरंगाबाद?” जोतीराम उसळला.

“मी वेगळ्या पोस्टातून टाकला होता.”

“मग! तरी म्हणत हुतो, आमच्यासंगट चल.”

आपण हे खोटे का बोललो, याचा शिवशरणाने पुष्कळ विचार केला. एक कारण असे होते की परीक्षा तीन आठवड्यांवर आली असता दोघांचे मन विचलित करणे बरे नव्हे. दुसरे कारण असे होते की ज्याने फुल्या मारल्या त्याचाच अर्ज फुलीअभावी परत आला, हे त्याला त्या खोलीत मोठ्याने सांगता आले नसते. दोन्ही कारणांचा परिणाम अगदी एकच होता, आणि परिणाम एकच असला म्हणजे त्यात कोणत्या कारणाचा वाटा किती, हे मोजता येत नाही. त्याने तो प्रयत्न सोडून दिला.

ते तीन आठवडे तो पूर्वीसारखाच शिकवत राहिला. पंचवार्षिक योजना, नद्यांची खोरी, घटनेची कलमे. त्याला कधी नव्हे इतके लक्षात राहत होते. पूर्वी पेपर लिहिताना त्याचा अंगठा घामाने ओला होई, आता कोरडा असे. एका रविवारी लिहिलेल्या पेपरला त्याने स्वतःच तपासून शंभरपैकी पंच्याऐंशी गुण दिले. तो आजवरचा त्याचा सर्वांत चांगला पेपर होता. जोतीरामने तो डोक्याला लावला आणि म्हणाला, “उपजिल्हाधिकारी साहेब, आमच्याकडं लक्ष असू द्या.” शिवशरण हसला. हसणे बेताचे झाले, पण मागांच्या आवाजात हसण्याची प्रत कोणाला कळत नसे.

परीक्षेआधीच्या बुधवारी तो मंद्रूपला जाऊन आला. त्याची आई, गुरम्मा, मराठी समजे पण बोले कानडीतच. तिने भाकरी आणि शेंगाचटणीचे गाठोडे बांधून दिले, प्रवासात तेल सुटणार नाही अशा बेताने. “चलो बरी,” ती म्हणाली, चांगले लिही. तिला त्याने ‘हूं’ म्हटले. ते खोटे नव्हते आणि खरेही नव्हते.

दोघांना पुण्याच्या गाडीत बसवून झाल्यावर शिवशरण फलाटावर उभा राहिला. कॉलेजातून त्याने चार दिवसांची रजा घेतली होती. काशम्मा तो औरंगाबादला गेला असे धरून चालली होती, आई तसेच, मित्र तसेच. त्या चार दिवसांत शिवशरण सोलापुरात असण्याची कोणाचीही अपेक्षा नव्हती. खरे तर तो कुठेच असण्याची गरज नव्हती. रात्र फलाटावरच काढून दुसऱ्या सकाळच्या पॅसेंजरने तो निघाला आणि केमला उतरला. केमच का, याला उत्तर नाही. तिथे त्याला कोणी ओळखत नव्हते आणि गाडी थांबली होती.

स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत त्याने गाठोडे ठेवले. परीक्षेच्या दिवशी सकाळी पावणेअकराला तो फलाटाच्या टोकाच्या बाकावर जाऊन बसला. अकराला पुण्यात घंटा झाली असणार. तो समोरच्या रुळांकडे बघत राहिला. मधेच एका मालगाडीचे डबे त्याने मोजले, अडतीस भरले. दोन वाजता तो उठला आणि धर्मशाळेत जाऊन भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पावणेअकरा.

स्टेशनावर कोंडीबा नावाचा एक पॉइंट्समन होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो हिरवे निशाण काखेत मारून जवळ आला.

“पाव्हणं, कालपास्नं बघतोय. गाडी येती, जाती; तुमी काय चढत न्हाय. कुनाची वाट बघताय?”

“कुणाची नाही.”

“मग हितं कशापायी बसलाय?”

“माझी परीक्षा आहे.”

“कुटं?”

“पुण्यात.”

कोंडीबाने त्याच्याकडे पाहिले, मग पुण्याकडे जाणाऱ्या रुळांकडे पाहिले. “मग ती हितनं कशी द्येताय?”

“देत नाही. वेळ होईपर्यंत बसतो.”

कोंडीबाने निशाण दुसऱ्या काखेत मारले. “लई शिकल्यालं दिसताय,” तो म्हणाला, आणि केबिनमधून कान तुटलेल्या कपात चहा आणून दिला. त्या महिन्याभरात शिवशरणाने खरे सांगितलेला हा एकच माणूस, आणि त्याला त्यातले काही कळले नव्हते. बहुधा म्हणूनच सांगता आले.

चौथ्या दिवशी दुपारी पुण्याहून सोलापूरला जाणारी गाडी आली. त्या गाडीने दोघे परतणार, हे शिवशरणाला माहीत होते. त्याने पुढची गाडी धरायचे ठरवले होते. गाडी थांबताच तो पार्सलच्या वजनकाट्यामागे सरकला. तिसऱ्या डब्याच्या खिडकीत ते दिसले. जोतीराम शेजारच्या अनोळखी माणसाला हातवारे करून काहीतरी समजावत होता; धोंडिराम खिडकीच्या गजाला डोके टेकून झोपला होता. अंतर अंदाजे बारा फूट. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती. गाडी दोन मिनिटे थांबली, आणि एवढा वेळ आपण श्वास रोखून धरला नव्हता तरी धरल्यासारखा वाटला, याची शिवशरणाने नोंद घेतली.

रविवारी सकाळी आठला तिघे पुन्हा जमले. अभ्यास संपला होता, पण सवय होती. काशम्माने वर चहा पाठवला. खाली माग चालू होते.

“औरंगाबादला कसं काय गेलं?” जोतीरामने विचारले.

“बरं.”

“बरं म्हंजे ह्याचे पंच्याऐंशी! माझं तर इतिहासात नशीब लई जोरावर हुतं बघ.” त्याने घडी पडलेल्या प्रश्नपत्रिका खिशातून काढल्या. “तुझ्या कुटं हायत?”

“तिथंच राहिल्या,” शिवशरण म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

सामान्य विज्ञानाची पत्रिका वर होती. तो ती वाचू लागला. पहिला प्रश्न, दुसरा. तिसऱ्यात बाष्पीभवनावर एक छान, जरा फसवा उपप्रश्न होता, त्यावर तो थांबला. पुन्हा मागे जाऊन त्याने गुणांचा आकडा पाहिला. पान उलटले. चौथ्या प्रश्नाशी त्याला नकळत हसू आले, कारण तो नेमका त्याने सप्टेंबरात या दोघांकडून घोटून घेतला होता. मान वर केली तेव्हा धोंडिराम त्याच्या हातांकडे बघत होता. ज्याने पेपर लिहिला आहे तो माणूस प्रश्नपत्रिका अशी वाचत नाही. तो आपण चुकलेला प्रश्न आधी शोधतो. हे शिवशरणाच्या ध्यानात आले, पण धोंडिरामच्या नंतर.

जोतीरामच्या ध्यानात काहीच आले नव्हते. “गुर्जी,” तो म्हणाला, “आता अर्जबी गेला, परीक्षाबी झाली. एक गंमत सांगू का? रागवायचं न्हाय मात्र.”

“जोतीराम,” धोंडिराम म्हणाला. “राहू दे.”

“आता काय राहू दे? आता सांगायला काय हरकत हाय? ऐक रे. त्या दिवशी सिद्धेश्वराला गेलो की आमी. मी आत गेलो. हा बाहेर पायरीवर अर्ज घेऊन बसला. देव मानत न्हाय, मग करणार काय? अर्जच वाचत बसला, पाठ पोट सगळं. मी भाईर येतो तर म्हणतो, शेवटच्या पानामागं बघ. बघतो तर काय, आणि एक सही! फुली न्हाय, काय न्हाय. दोघांनीबी तिथंच मांडीवर धरून केली. माझी तर वाऱ्यानं वाकडी आली. गुर्जींच्या फुल्या आठ अन् सह्या नऊ!” तो मांडीवर थाप मारून हसला.

शिवशरणाने प्रश्नपत्रिकेची घडी केली. त्याने बाजूला ठेवलेला प्रश्न असा सुटला.

“मला का सांगितलं नाही?”

“तू मनाला लावून घेतलं असतंस. आन् तुझी काय राहतीय व्हय?”

“मीच नको म्हणालो,” धोंडिराम म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता. “जोतीराम सांगू या म्हणत होता. मी म्हणालो, नको. त्या सकाळी तू म्हणाला होतास, असंच बघून काही दिसत नाही. मला दिसलं होतं. म्हटलं, असू दे.”

“माझी राहिली असेल, असं मनात आलं होतं?”

धोंडिरामने मान वर केली. “आलं. क्षणभर. मग वाटलं, तुझी कशी राहील.”

“राहिली,” शिवशरण म्हणाला.

“काय?” जोतीरामने कानामागे हात धरला. खाली माग खडखडत होते.

“माझी राहिली!” शिवशरणाला ओरडावे लागले. “अर्ज नाकारला! सप्टेंबरातच!”

आयुष्यात कोणाला असे ओरडून सांगावे लागेल, असे त्याला कधी वाटले नव्हते. जोतीरामचे हसू चेहऱ्यावरून एकदम गेले नाही. तोंड तसेच राहिले आणि डोळ्यांतून आधी गेले.

“मग औरंगाबाद?”

“केमला होतो. स्टेशनावर.”

“केमात काय केलंस चार दिवस?”

“बसलो.”

“अरे पण आमाला तीन आठवडे शिकवलंस की तू! रोज! पेपर तपासलेस!”

धोंडिराम उठला. त्याने कप खिडकीच्या कठड्यावर अगदी हळू ठेवला. “माझ्याकडं पुढचं साल होतं,” तो म्हणाला. “जोतीरामकडं होतं. तुझ्याकडंच नव्हतं. आणि मी म्हटलं, असू दे.” मग तो जिना उतरून गेला. जोतीराम मागे राहिला. रडला, सिद्धेश्वराला दोष दिला, मग स्वतःला दिला, मग शिवशरणाला, की माणसाने इतके घुमे असू नये. शेवटी त्यालाही बसवेना आणि तो गेला.

पुढच्या रविवारी कोणी आले नाही. त्याच्या पुढच्या रविवारी जोतीरामची चिठ्ठी आली, की शाळेच्या सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत. धोंडिरामचे काहीच आले नाही.

शिवशरणाने या काळात चुकीची वाटणी करून पाहिली. मागच्या वर्षीच्या नकलेवर विसंबणे, हा सर्वांत मोठा वाटा. पान न उलटणे, हा दुसरा. अर्ज दुसऱ्याला बघू न देणे, हा तिसरा, आणि हे तिन्ही त्याचेच होते. धोंडिरामचे एका सकाळचे मौन यांच्या शेजारी ठेवले तर फारच लहान दिसे. शिवाय धोंडिरामने सांगितले असते, तर आपण पान उलटून बघितले असते की ती सही कशी अनावश्यक आहे हे त्याला तासभर समजावले असते, याचीही शिवशरणाला खात्री देता येईना. हे सगळे धोंडिरामपुढे मांडावे, असे त्याला वाटे. मांडणी तयार होती. ऐकायला कोणी नव्हते.

काशम्मा एकदा चहाचे रिकामे कप न्यायला स्वतःच वर आली. कप एकच निघाला. “दोन सर कुठं गेले?” तिने विचारले. “भांडण झालं काय?”

“नाही.”

“भांडण नाही, मग येत का नाही?”

भांडण असते तर मिटवता आले असते. शिवशरणाने कप उचलून तिच्या हातात दिला. ती तो घेऊन खाली गेली.

चौथ्या रविवारी सकाळी साडेसातला त्याने खोलीला कुलूप लावले आणि तो रेल्वे लाइन ओलांडून वस्तीत गेला. वस्तीत तो पहिल्यांदाच जात होता. एवढ्या दिवसांत धोंडिराम त्याच्या खोलीवर तीनशे वेळा तरी आला असेल. आपण त्याच्या घरी एकदाही गेलो नाही, हे वाट विचारावी लागली तेव्हा त्याला कळले. विहाराच्या मागच्या बोळात तिसरे घर, असे एका बाईने सांगितले.

बोळाच्या तोंडाशी तो वळला तेव्हा पुढे कोणीतरी एका दारातून आत गेल्यासारखे वाटले. तो तिसऱ्या घरापाशी पोचला आणि त्याने कडी वाजवली. दारावर पडदा होता. तो बाजूला करून धोंडिरामची आई केराबाई बाहेर आली. पदराला हात पुसत, आणि पडदा पाठीमागे नीट सोडून.

“धोंडिराम आहे का? मी शिवशरण.”

“वळखलं की,” ती म्हणाली. तिचा आवाज मऊ होता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. “घरात न्हाय बाबा त्यो. सकाळच्यानंच भाईर गेलाय.”

भिंतीला लागून सायकल स्टँडवर उभी होती. तिचे मागचे चाक हवेत होते आणि फिरत होते. वेग मंद होता, पण फिरत होते. चाक चांगले तेलपाणी केलेले असेल तर सोडल्यापासून मिनिटभर फिरते, फार तर दोन मिनिटे. प्रयोगशाळेत तो मुलांना हेच दाखवी. शिवशरणाने चाकाकडे पाहिले आणि मग केराबाईकडे. तिने चाकाकडे पाहिले नाही.

“आत या की. च्या टाकते.”

“नको. एक निरोप द्याल?”

“सांगा.”

इतक्या दिवसांची मांडणी त्याच्याजवळ होती: पहिला वाटा, दुसरा, तिसरा. पडद्यापलीकडे कोणी उभे असेल तर त्याला ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने ती सांगता आली असती. ओरडण्याची त्याला आता सवय झाली होती. पण केराबाई हात पोटाशी धरून उभी होती, दुसऱ्याचे खोटे अंगावर घेतलेल्या माणसासारखी, आणि तिच्यासमोर वाटे सांगणे त्याला शक्य झाले नाही.

“लेखीत तो निघणार,” शिवशरण म्हणाला. “मुलाखतीला तयारी लागते. मी एकदा देऊन आलोय, काय विचारतात ते मला माहीत आहे. रविवारी आठला मी खोलीवर असतो, एवढं सांगा.”

“सांगते.”

“जोतीरामलाही सांगायला सांगा.”

“सांगते बाबा.”

पडदा हलला नाही. वारा नव्हता, हलला असता तर कारण एकच असते. केराबाई आत गेली नाही, कारण तो गेला नव्हता, आणि तो गेला नाही, कारण चाक अजून फिरत होते. ते हळूहळू मंद होत गेले. एकदा थांबल्यासारखे झाले, मग उलट्या दिशेने चार बोटे आले, पुन्हा पुढे गेले आणि हवा भरायच्या नळीची बाजू खाली येऊन स्थिर झाले.

“येतो,” शिवशरण म्हणाला, आणि बोळातून मोठ्या रस्त्याकडे चालू लागला.